आत्याशी बोलायला

चीफ : बुएनोस दियास म्हटलं मी. तीनदा म्हटलं.

आत्या : ऐकलं. तुमच्या स्पॅनिश सुप्रभातला मीही तीनदा 'या, बसा' म्हटलं. आज मराठीतच बोलू या, चीफ.

चीफ : शटर अर्धं खाली आहे. शटर वर जाईपर्यंत मराठी बंद. हा नियम कोणाचा?

आत्या : तुमचा.

चीफ : सात-आठ महिने पाळला. आज काय झालं?

आत्या : काही नाही झालं. चष्मा द्या इकडे, काडी पुन्हा ढिली झालीय तुमची. नाकावरून घसरतोय नुसता.

चीफ : चष्मा राहू दे. के ते पासा?

आत्या : 'तुला काय झालंय' असं विचारलंत. कळतं मला. उत्तरही येतं. पण देणार नाही. मला आता त्या स्पॅनिशचं एक अक्षर तोंडातून काढायचं नाही. उद्यापासून तुम्ही येऊ नका. म्हणजे या, आपलंच दुकान समजा, चहा प्या, पेपर वाचा, गिऱ्हाइकांना घाबरवा. पण ते नको.

चीफ : बरं. बसतो. काडी आवळ.

आत्या : बघा, एवढासा स्क्रू आणि त्यावर अख्खा चष्मा. दहा वाजता बालकल्याणच्या बाई येणार आहेत, माहितीये ना?

चीफ : माहितीये. तुझी भाची येऊन चाळीस दिवस झाले. पोर तुझ्याकडे राहणार का, ते विचारायला.

आत्या : मी सांगणार आहे, परत पाठवा.

चीफ : पुन्हा बोल.

आत्या : परत पाठवा तिला. तिकडे तिची मावशी आहे. मावशीला तीन मुलं आहेत, चौथी सामावेल. आजी आहे. भाषा आहे. इथे काय आहे? चष्मे आहेत.

चीफ : तिला विचारलंस?

आत्या : विचारून काय होणार? मान हलवेल. चाळीस दिवस मान हलवतेय. हवं असेल तर खाली-वर, नको असेल तर आडवी. माझ्याशी एक शब्द बोललेली नाही, चीफ. मुकी नाहीये ती. शेजारच्या शिंप्याच्या मांजराशी पाच-पाच मिनिटं बोलते. मी जवळ गेले की गप्प.

चीफ : मांजराशी कुठल्या भाषेत?

आत्या : मांजराच्या. चेष्टा नका करू हो.

चीफ : करत नाही. नऊ वर्षांची पोर. बाप गेलाय तिचा.

आत्या : तिचा बाप माझा भाऊ होता. माझाही गेलाय. परदेशी वेल्डिंगच्या कामावर गेला, दोन वर्षांत येतो म्हणाला, आणि तिकडेच लग्न करून राहिला. बायको गेली तेव्हा तरी यायचं, पोर दोन वर्षांची होती. नाही आला. दर रविवारी फोन करायचा, माझ्याशी मराठीत तासभर बडबडायचा. आणि लेकीला मराठीचा एक शब्द शिकवला नाही. का, तर 'दमून येतो गं ताई, तोंडाला येईल ते बोलतो.' ती फोनवर यायची, 'ओला, तिआ' म्हणायची आणि पळायची. तिआ म्हणजे आत्या, एवढंच मला ठाऊक होतं.

चीफ : आता पुष्कळ ठाऊक आहे.

आत्या : त्याचं काय लोणचं घालू? भाऊ गेला, आणि पोरीने माझ्याकडे यायचं ठरलं. कागदपत्रांना सात महिने लागतील म्हणाले. सगळे म्हणाले, किती उशीर. मी म्हटलं, बरं झालं. तेवढ्यात तिची भाषा शिकते. ती विमानातून उतरेल तेव्हा तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारं घरात कोणीतरी पाहिजे. आणि त्याच आठवड्यात तुम्ही, बोटीवरचे रिटायर चीफ इंजिनियर, नंबर काढायला आलात, तुमच्या हातून चष्मा पडला, आणि तुम्ही स्पॅनिशमध्ये जी काही शिवी हासडलीत…

चीफ : ती तुला शिकवलेली नाही.

आत्या : तीच शिकवली असतीत तर निदान आज उपयोगी पडली असती.

चीफ : तिसऱ्या महिन्यातही तू सोडणार होतीस. आठवतं?

आत्या : क्रियापदांनी वीट आणला होता. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, प्रत्येकाला वेगळं शेपूट. सकाळी उठवत नव्हतं.

चीफ : आत दिवा लावून बसलीस आणि शटर उघडलं नाहीस.

आत्या : तुम्ही बाहेरून शटरशीच बोलत राहिलात. 'शटरबाई, आज हवा कशी आहे? शटरबाई, तुम्ही चहा घेतला का?' तेही मोठ्याने, स्पॅनिशमध्ये. शिंपी बाहेर आला, म्हणाला, उघडा हो ताई, म्हातारबुवांचं काहीतरी बिघडलंय.

चीफ : उघडलंस.

आत्या : उघडलं, कारण शटरला चहा घेतला का विचारलेलं मला कळलं होतं! पुस्तकातलं काही कळत नव्हतं, आणि हे आपोआप कळलं. त्या दिवसापासून तुम्ही पुस्तक बंद केलंत. हातात जे असेल त्याचं बोल म्हणालात. स्क्रू पडला, स्क्रू पडला म्हण. काच पुसतेस, काच पुसते म्हण. चहा गार झाला, चिडून सांग. मला गंमत वाटायला लागली होती. खरंच सांगते, सकाळचा तो अर्धा तास माझा होता. दिवसभर गिऱ्हाइकांना 'वरची ओळ दिसते का, खालची दिसते का' विचारताना मनात स्पॅनिश चालायचं. आणि वाटायचं, पोर येईल आणि आम्ही दोघी अशाच बोलू. स्क्रू पडला, चहा गार झाला.

चीफ : मग? बोलतेस ना तिच्याशी?

आत्या : मी बोलते. ती कुठे बोलते?

चीफ : काय बोलतेस?

आत्या : सगळं. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा वहीत दहा वाक्यं लिहिते, पाठ करते आणि संध्याकाळी वर जाऊन…

चीफ : वही?

आत्या : हो, वही.

चीफ : वही मिटायला सांगितली होती मी.

आत्या : तुमच्यासमोर मिटलेलीच असते.

चीफ : म्हणजे तू घरी बातम्या देतेस. रोज संध्याकाळी, दहा वाक्यं.

आत्या : माझ्या बातम्या बातम्या, आणि शटरशी गप्पा मारणारे तुम्ही शहाणे.

चीफ : म्हणून दाखव. जिना चढलीस. दार उघडलंस. पोर समोर आहे. काय म्हणतेस?

आत्या : नको.

चीफ : म्हण.

आत्या : 'ओला, मि निन्या', पोरी माझ्या. मग पिशवी ठेवते, चपला काढते, खुर्चीत बसते आणि म्हणते, 'उय, एस्तोय कासादा.'

चीफ : काय?

आत्या : 'एस्तोय कासादा. मुय कासादा.' दमले बाई, फार दमले. दिवसभर उभी असते मी, दमायला होतंच.

चीफ : रोज म्हणतेस?

आत्या : रोज म्हणजे रोज. चाळीस दिवस. त्यात काय एवढं हसण्यासारखं? चीफ! अहो, ठसका लागेल. हे घ्या पाणी. काय झालं तरी काय?

चीफ : कान्सादा.

आत्या : काय?

चीफ : दमले म्हणजे 'कान्सादा'. मध्ये 'न' आहे. तू खाल्लास.

आत्या : मग 'कासादा' म्हणजे काय?

चीफ : लग्न झालेली.

आत्या : अरे देवा.

चीफ : 'हुश्श, माझं लग्न झालंय. फार लग्न झालंय.'

आत्या : थांबा. थांबा, थांबा. चीफ, ती तिसरी ताटली!

चीफ : कुठली ताटली?

आत्या : आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती जेवायला तीन ताटल्या मांडते. एक तिची, एक माझी, आणि एक मधे रिकामी. मला वाटलं, बापासाठी. मी कधी काही बोलले नाही. रोज जेवण झालं की मी ती रिकामी ताटली उचलते, स्वयंपाकघरात नेते आणि नळ सोडून रडते. चाळीस दिवस रडलेय मी त्या ताटलीवर!

चीफ : ती तुझ्या नवऱ्याची वाट बघतेय.

आत्या : पहिल्या आठवड्यात माझं कपाट उघडून बघत होती. मी म्हटलं, बिचारी, नवीन घर आहे, बघू दे. पुरुषाचे कपडे शोधत होती हो ती!

चीफ : आणि सापडले नाहीत.

आत्या : काय म्हणाली असेल मनात? आत्या रोज सांगते, फार लग्न झालंय, आणि माणूस तर दिसत नाही. हसू नका. मला हसवू नका, मला हसायचं नाहीये आज. बघा, हेच. हेच म्हणतेय मी. जीव तोडून शिकले आणि हे असं बोलते. म्हणूनच ती काल आजीला तसं म्हणाली.

चीफ : काय म्हणाली?

आत्या : सोडा.

चीफ : नाही सोडत.

आत्या : काल दुपारी तिच्या आजीचा फोन आला. पोर फोन घेऊन गॅलरीत बसली. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. मुद्दाम ऐकत नव्हते, पण कान काय शटर आहेत ओढून घ्यायला? माझं नाव ऐकलं. 'मि तिआ, मि तिआ.' आणि मला पहिल्यांदा तिचा आवाज नीट ऐकू आला, चीफ. जाडसर आहे थोडा. माझ्या भावासारखा. मी घड्या टाकल्या आणि बिलाच्या कागदावर जे कानावर आलं ते लिहून घेतलं.

चीफ : कुठेय कागद?

आत्या : खिशात आहे. कालपासून खिशातच आहे.

चीफ : वाच.

आत्या : तुम्हाला कळेल म्हणूनच तर वाचायचा नव्हता. 'मे दा पेना.' हे पहिलं. पेना मी शब्दकोशात बघितलं. दुःख, कीव. म्हणजे तिला माझी कीव येते. नऊ वर्षांच्या पोरीला. मी एवढी केविलवाणी बोलते की तिला कीव येते.

चीफ : पुढे?

आत्या : मधलं अर्धवट आहे. मग 'पोर मी', माझ्यासाठी. मग 'नि ग्रासियास'. ग्रासियास म्हणजे आभार, नि म्हणजे सुद्धा नाही. आभारसुद्धा नाहीत. मी एवढं करते आणि तिच्याकडे माझ्यासाठी आभारसुद्धा नाहीत. आणि शेवटचा शब्द मी लिहिलाच नाही. शिवी होती.

चीफ : कुठली?

आत्या : इदियो… काहीतरी. तेवढं इंग्रजी मलाही कळतं.

चीफ : नीट आठव. इदियो काय? 'इदियोता'?

आत्या : ता नव्हतं. मा होतं. इदिओमा.

चीफ : इदिओमा.

आत्या : तुम्ही पुन्हा हसताय.

चीफ : हसत नाही. चष्मा दे माझा. कागदही दे. पेनाला तुझा कोश उपयोगाचा नाही. शब्द एका बंदरात एक असतो, दुसऱ्या बंदरात दुसरा. ही पोर आली त्या बाजूला मी अकरा वर्षं फेऱ्या मारल्यात. तिकडे 'मे दा पेना' म्हणजे कीव नाही.

आत्या : मग?

चीफ : लाज.

आत्या : लाज! चीफ, अहो कीव परवडली असती! माझी लाज वाटते तिला? चार लोकांत मी तिच्याशी बोलते, शाळेच्या दारात बोलते, म्हणून लाज वाटते?

चीफ : 'तुझी' कुठून आणलंस?

आत्या : म्हणजे?

चीफ : कागदावर 'पेना'च्या पुढे काय लिहिलंयस? तुझंच अक्षर आहे.

आत्या : 'आब्लार कोन एया.' ते मी सोडून दिलं होतं. त्यात काय, तिच्याशी बोलणं.

चीफ : सगळं एका दमात म्हण. मराठीत. सुटं करू नकोस.

आत्या : तिच्याशी बोलणं… मला लाज… तिच्याशी बोलायला मला लाज वाटते.

चीफ : पुन्हा.

आत्या : तिच्याशी बोलायला मला लाज वाटते.

चीफ : तुझी लाज नाही. तिची स्वतःची. पाहुण्यांसमोर पोर आईच्या मागे लपते, आपण काय म्हणतो?

आत्या : लाजतेय.

चीफ : तेच. एक शब्द मागे-पुढे झाला की केवढा फरक. आता पुढचं. 'आप्रे…' एवढंच लिहिलंयस.

आत्या : पेन चालत नव्हतं तिथे. 'आप्रेंदिओ' असेल. शिकली. कोण शिकली? एया, म्हणजे ती. म्हणजे मी. ती… माझ्यासाठी… शिकली. तिने माझ्यासाठी शिकून घेतलं.

चीफ : पुढे. 'यो नि ग्रासियास', त्यानंतर?

आत्या : 'से देसीर.' मला सांगता येतं. नाही, 'नि' आहे ना आधी. मला आभारसुद्धा… मला 'धन्यवाद'सुद्धा म्हणता येत नाही.

चीफ : कशात?

आत्या : कशात म्हणजे?

चीफ : 'एन सु…' आणि तुझी ती शिवी. इदिओमा म्हणजे काय असेल?

आत्या : मला नाही ठाऊक. तुम्ही सांगा ना! का छळताय?

चीफ : भाषा. इदिओमा म्हणजे भाषा.

आत्या : तिच्या भाषेत.

चीफ : हं.

आत्या : 'आजी, तिच्याशी बोलायला मला लाज वाटते. तिने माझ्यासाठी एवढं शिकून घेतलं, आणि मला तिच्या भाषेत धन्यवादसुद्धा म्हणता येत नाही.'

चीफ : आता बरोबर.

आत्या : असं म्हणाली ती?

चीफ : तुझाच कागद आहे.

आत्या : मला जरा बसू द्या.

चीफ : बस. पाणी घे. माझं उष्टं नाही, तो दुसरा पेला घे.

आत्या : काल दुपारपासून जेवले नाही मी. आणि ती पोर तिकडे गॅलरीत… पण चीफ, लाज एवढी? चाळीस दिवस? एक 'हो' म्हणायला काय जातं?

चीफ : जातं. मी साडेतीन महिने गप्प बसलो होतो.

आत्या : तुम्ही? तुम्ही शटरशी बोलता.

चीफ : तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. इंजिनरूमच्या शिडीवरून पडलो, पाय मोडला. बोट मला बंदरातल्या दवाखान्यात टाकून पुढे निघून गेली. तिथे सफाईला एक बाई यायची. रोज माझ्याशी बोलायची. खिडकी उघडू का, उशी सरकवू का, आज अमकी बोट लागलीय. घरून सूप आणायची डब्यात. दुसऱ्या महिन्यात मला सगळं कळायला लागलं होतं. पण बोललो नाही.

आत्या : का?

चीफ : ती एवढं करत होती. माझ्या तोंडातून जे निघालं असतं ते वाकडंतिकडं. तिच्या तोडीचं नाही. म्हटलं, जरा बरं यायला लागलं की बोलू. रोज ठरवायचो, उद्या. एक दिवस कंपनीचा माणूस न्यायला आला, सकाळी. तिची पाळी दुपारची.

आत्या : मग?

चीफ : मग काय? राहिलं. तिला वाटलं असेल, माणूस शिष्ट आहे. पुढच्याच बोटीवर एका स्वयंपाक्याला धरलं आणि शिकायला लागलो. वाकडंतिकडं. ज्याला त्याला बोलायचो. पण त्या बाईला नाही सांगता आलं.

आत्या : हे कधी बोलला नाहीत.

चीफ : विचारलं नाहीस. स्क्रू आणि चहाचंच बोलायचीस.

आत्या : म्हणजे तिला माझी कीव नाही येत.

चीफ : नाही.

आत्या : मी तिला नकोशी नाही.

चीफ : नाही.

आत्या : आणि इडियट नाही.

चीफ : तसं मात्र मी म्हणतोय.

आत्या : म्हणा. आज काय वाटेल ते म्हणा. अहो, छातीवर कोणी दगड ठेवला होता आणि आत्ता उचलला असं झालंय. थांबा, मी वर जाते. बाई यायच्या आत तिला सांगते. मला सगळं कळलं म्हणून सांगते. कसं म्हणू? 'मि निन्या, यो से तोदो…' दोन मिनिटं द्या, लिहून घेते.

चीफ : पेन खाली ठेव.

आत्या : का?

चीफ : पुन्हा बातम्या द्यायला निघालीस. ती तुझ्या स्पॅनिशनेच दबलीय. दहा-दहा वाक्यं, एका दमात. त्यात पोरीने कुठून आत शिरायचं? फट नको का ठेवायला?

आत्या : मग काय करू? गप्प बसू?

चीफ : जे येत नाही ते विचार. खरंच येत नाही ते. सकाळी इथे माझ्याशी कशी बोलायचीस? अडायचीस, शब्द मागायचीस. तिच्याकडे मागितलास कधी?

आत्या : तिच्यासमोर अडायचं नाही, एवढंच ठरवलं होतं मी. वाटायचं, मी अडले तर तिला एकटं वाटेल.

चीफ : उलट आहे.

आत्या : उलट आहे, हो. जिन्यावर पाय वाजतायत. ती कधी सकाळी खाली येत नाही. चीफ, कागद लपवा. लपवा आधी!

(आतल्या जिन्याचं दार उघडून भाची येते. केस मोकळे, हातात कंगवा.)

भाची : तिआ.

आत्या : सि? सि, मि निन्या?

भाची : एल पेइने.

आत्या : पेना? चीफ, पुन्हा पेना म्हणाली ही!

चीफ : तिच्या हातात काय आहे ते बघ.

आत्या : कंगवा आहे. अगं बाई, कंगवा.

भाची : पेइने. नो पेना. पे-इ-ने.

आत्या : पे-इ-ने. ऐकलंत? चूक काढली हिने माझी!

चीफ : माझ्याकडे बघू नकोस. मी पेपर वाचतोय.

आत्या : निन्या, ये. इकडे ये. ऐक. यो… नो एस्तोय कासादा. नो! एस्तोय कान्सादा. कान्सादा. पाय, हे बघ, पाय दुखतात. मारीदो नाही. नवरा नाही गं.

भाची : नो आय मारीदो?

आत्या : नो आय. घरात नो आय, दुकानात नो आय, कपाटात नो आय.

भाची : इ एसे सेन्योर?

आत्या : इ एसे… आणि ते गृहस्थ? हे? चीफ? नाही गं बाई, नो, नो! चीफ, हिला वाटलं तुम्ही…

चीफ : मला कळलं. पेपर वाचतोय मी.

आत्या : हसली. चीफ, हसली! अहो, हिचा बाजूचा एक दात पडलाय. कधी पडला? चाळीस दिवसांत मला दिसला नाही. तोंडच उघडलं नाही ना पोरीने. निन्या, हे काय? हे, दात?

भाची : दिएंते.

आत्या : दिएंते. कधी? कुआन्दो?

भाची : एल मार्तेस.

आत्या : मंगळवारी. मंगळवारी दात पडला आणि कोणाला सांगितलंही नाहीस? बरं. बरं, राणी. आता ऐक. ओय, आज, ला सेन्योरा येणार. बाई. आ लास दिएस, दहाला. तुला विचारतील. मीच विचारते आधी. तू… के किएरेस? तुला काय हवंय? जे असेल ते सांग. मी रागावणार नाही.

भाची : केदार्मे.

आत्या : केदार्मे? हा शब्द नाही झाला आपला. चीफ?

चीफ : तिला विचार.

आत्या : नो से, निन्या. मला नाही येत हा. के एस 'केदार्मे'?

भाची : केदार्मे. मिरा. आसी.

आत्या : अशी स्टुलावर का बसलीस? बसणं? नाही, बसणं वेगळं, ते मला येतं. स्टूल घट्ट धरलंयस. पाय पण गुंडाळलेस. हं. उठायचं नाही?

भाची : आकी. कोन्तिगो. केदार्मे आकी.

आत्या : आकी म्हणजे इथे. कोन्तिगो, तुझ्याबरोबर. इथे, तुझ्याबरोबर… राहणं. राहायचंय. चीफ, बरोबर आहे का?

चीफ : मी काही बोललो नाही.

आत्या : राहायचंय म्हणतेय. हिला राहायचंय. डोळ्यांतून पाणी येतंय, तुम्ही तिकडे बघा. मि निन्या, सि. सि, सि, सि. राहा. राहाच.

भाची : तिआ, मे आसेस त्रेन्सास?

आत्या : मला करतेस का… त्रेन्सास? काय ते? केस? असे दोन भाग? अगं, वेण्या! वेण्या घालून हव्यात. रोज एकटीच वाकडा भांग पाडून जायचीस, मला वाटायचं तुला तसंच आवडतं. बस, अशी पाठ कर माझ्याकडे.

भाची : वेन्या?

आत्या : एक असली की वेणी. दोन झाल्या की वेण्या. तुमच्या क्रियापदांना शेपटं असतात ना, तशी आमच्याकडे हिला.

भाची : वेनी.

आत्या : णी. जीभ वर ने. टाळूला लाव. वेणी.

भाची : वेणी.

चीफ : हिला महिन्याभरात येईल. तुला आठ लागले.

आत्या : लागू देत. निन्या, ओढतेय का मी फार? दुएले? दुखतं?

भाची : उन पोको.

आत्या : थोडंसं. सैल धरते. तुझ्या बाबाचे केसही असेच होते, एक बट कधी ऐकायची नाही. तू पापा… ते सांगते सावकाश. मला शब्द कमी पडतील, तू दे.

चीफ : शटरखाली पाय दिसतायत. बाई आल्या वाटतं.

आत्या : वर करा शटर आणि खुर्ची द्या त्यांना, चीफ. थोडं बसावं लागेल म्हणावं. हलू नकोस गं, अजून एक बाजू राहिलीय.